आबांनी राखलेलं शहर

मार्च सरत आला तरी आमच्या मिल्टनमधला बर्फ एकदम जात नाही. आधी तो काळा पडतो. प्लाझाच्या पार्किंगमध्ये हिवाळाभर ढकलून साठवलेला त्याचा डोंगर कोळशाच्या ढिगासारखा दिसायला लागतो आणि त्यातून कुणाचा एकटा हातमोजा, कुणाचे चपटे झालेले कॉफीचे कप बाहेर येतात. ड्राइव्हवेच्या कडेनं पाणी वाहायला लागतं. बुटांवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात. हवेला ओल्या मातीचा वास येतो, पण त्यात कुजलेलं गवत असतं, गंजलेलं लोखंड असतं, महिनोन् महिने दाबून ठेवलेलं काहीतरी असतं. आणि घराच्या पोटात, बेसमेंटच्या जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेला पंप घरघरतो, गप्प होतो, पुन्हा घरघरतो. घराखाली साठणारं पाणी बाहेर फेकायचं एवढंच त्याचं काम. यंदाही तो आवाज सुरू झाला आणि मी चहाचा कप हातात धरून नुसती ऐकत राहिले.

काही वर्षांपूर्वीच्या एका मार्चमध्ये तो पंप बंद पडला होता. त्या वसंताबद्दल मला लिहायचंय.

आम्ही तेव्हा कॅल्गरी सोडून नुकतेच इथे आलो होतो. मी फार्मसिस्ट म्हणून निवृत्त झाले होते, माझा नवरा सुधीर तेलाच्या कंपनीतून. नव्या सबडिव्हिजनमधली, म्हणजे नव्या वसाहतीतली, सगळी घरं सारखी, झाडं अजून खांद्याएवढी, आणि शेजारी कोण आहे हे हिवाळाभर कळायची सोय नाही. उजवीकडच्या घरात एक इराकी कुटुंब राहतं एवढंच माहीत होतं. हैदर शाळेची बस चालवायचा. त्याची बायको एका नर्सिंग होममध्ये कामाला. घरात त्याची म्हातारी आई. तिला सगळे उम्म हैदर म्हणत; म्हणजे हैदरची आई. त्या खिडकीशी बसलेल्या दिसायच्या. मी हात हलवला की त्याही हलवायच्या, तेवढीच ओळख.

त्या शनिवारी सकाळी मी तांदूळ काढायला बेसमेंटमध्ये गेले आणि शेवटच्या पायरीवरून पाय थेट घोटाभर थंड पाण्यात पडला. सुधीरची कंबर धरलेली. प्लंबर सोमवारशिवाय मोकळा नव्हता. सगळ्या सबडिव्हिजनमध्ये तीच बोंब. मी तशीच ओल्या पायानं शेजारी गेले आणि हैदर आपल्या गॅरेजमधला पंप खांद्यावर टाकून आला. वर मला म्हणाला, “मिस नंदा, तुम्ही वर थांबा, गारठाल.” बसमधली मुलं बाईंना जशी मिस म्हणतात तसं तो मला म्हणायचा.

मी वर थांबले नाही. आम्ही दोघं भिजलेली खोकी पायऱ्यांवर आणून ठेवत होतो. एका खोक्याचा तळ फाटला आणि त्यातून माझ्या आबांचा फोटो पाण्यात पडला. हैदरनं तो चटकन उचलला, आपल्या स्वेटरला पुसला आणि उजेडाकडे धरला. साताऱ्याच्या कुठल्याशा स्टुडिओत काढलेला फोटो. पाठीमागे रंगवलेला पडदा, पुढे खुर्चीत ताठ बसलेले आबा, अंगावर पलटणीचा गणवेश, डोळे कॅमेऱ्याच्या थोडे वर.

“हे कोण?”

“माझे आजोबा. तुमच्या देशात लढलेत ते, पहिल्या महायुद्धात, इंग्रजांच्या फौजेतून,” मी म्हटलं. “कूत म्हणून गाव आहे ना तुमच्याकडे, नदीकाठी? तिथे वेढ्यात सापडले होते.”

हैदरनं खाली वाकून पंपाचं बटण बंद केलं. आवाज थांबला तेव्हा पाण्याचा नुसता डुचमळता आवाज उरला.

“मी कूतचा आहे,” तो म्हणाला.

आम्ही दोघंही हसलो, लहान मुलं हसतात तसं. कुठला सातारा, कुठलं कूत आणि कुठलं हे ओंटारियोतलं तुंबलेलं तळघर. जाताना तो म्हणाला, “आईला सांगतो. शुक्रवारी तुम्ही दोघं जेवायला या. आमच्याकडे असा पाहुणा कधी आला नाही.”

तो आठवडा माझा आबांच्यात गेला.

आबा माझ्या वडिलांचे वडील. वाईच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत जायची तेव्हा ते सत्तरीचे असतील. काटक, पायांत अनवाणी चालून झालेल्या भेगा, बोलायचे कमी. लढाईबद्दल विचारलं की त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं, “नंदे, आम्ही शहर राखलं. सारा हिवाळा राखलं.” मग थांबायचे. फार मागे लागले तर थोडं पुढे सांगायचे. नदीचं वळण कसं होतं, तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला चर खणून आपली पलटण कशी बसली होती. वसंतात नदी फुगली आणि चरात छातीएवढं पाणी आलं. विमानातून पिठाची पोती टाकत, त्यांतली काही नदीत पडत. “डोळ्यांदेखत पीठ बुडायचं,” असं म्हणताना ते हाताचा पंजा उपडा करायचे. सरपण संपलं तेव्हा घरांची दारं जाळली. एका दारावर फुलं कोरली होती. “इतकं नामी काम, नंदे. म्या त्यावर हात फिरीवला आन् मंग कुऱ्हाड घातली. त्याच्या जाळावर भाकरी भाजली.” ही गोष्ट मला फार आवडायची. फुलांच्या दारावर भाजलेली भाकरी. मी ती पुन्हा पुन्हा सांगायला लावायची.

घोड्यांची गोष्ट मात्र त्यांनी कधी सांगितली नाही. ती मला कळली ती टांग्यामुळे. साताऱ्याच्या स्टँडवरून आत्याच्या घरी जायचं तर टांगा करावा लागे. आबा आम्हा मुलांना आणि आईला टांग्यात बसवायचे, पिशव्या चढवायचे, आणि स्वतः मागून चालत यायचे. ऊन असो, पाऊस असो. टांगेवाला म्हणायचा, “आजोबा, जागा हाय की.” आबा ऐकू न आल्यासारखं करायचे. मोठी झाल्यावर मी वडिलांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “वेढ्यात शेवटी घोडी खावी लागली ना. आपल्या लोकांनी महिनोन् महिने नाही म्हटलं. हातापायांच्या काड्या झाल्या, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा खाल्लं. गावात कळलं तर पंगतीतून उठवतील म्हणून आबांनी जन्मभर तोंड उघडलं नाही. पण घोड्यासमोर त्यांना बसवत नाही.”

शहर पडल्यावर त्यांना कैद करून वाळवंटातून चालत नेलं. पुढे कुठेतरी रेल्वेच्या कामावर घातलं. बरोबरचे बहुतेक गेले. आबा युद्ध संपल्यावर परत आले तेव्हा आजीनं त्यांना आवाजावरून ओळखलं म्हणे. इतकं सगळं. आणि या सगळ्याचं त्यांनी केलेलं एक वाक्य, आम्ही शहर राखलं. आमच्या घरात ते वाक्य देवघरातल्या टाकासारखं होतं. त्याला कुणी हात लावत नसे.

शुक्रवारी आम्ही जेवायला गेलो तेव्हा मी ते वाक्य बरोबर घेऊनच गेले होते.

उम्म हैदरना मी पहिल्यांदाच जवळून बघत होते. ऐंशी ओलांडलेल्या, लहानखुऱ्या, काळ्या शालीत गुंडाळलेल्या. हनुवटीवर गोंदलेले तीन निळे ठिपके. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला आणि सोडलाच नाही. जमिनीवर मोठी सतरंजी, तिच्यावर भाताचं ताट, भाजलेला मासा, वाफाळलेल्या नानांची चळत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. हैदर मधे बसून इकडचं तिकडे करत होता.

जेवण संपत आलं तेव्हा मी म्हटलं, “हैदर, आईंना सांग, माझ्या आजोबांनी तुमचं शहर राखलं होतं.”

हैदरनं सांगितलं. उम्म हैदरनी मान एका बाजूला केली आणि काहीतरी विचारलं. एकच शब्द होता तो.

हैदर जरा घुटमळला. “ती विचारते, कोणापासून?”

“तुर्कांपासून,” मी म्हटलं.

त्या बोलल्या. रागानं नाही, भाजी कशी चिरायची हे सांगावं तितक्या शांतपणे. हैदर सांगत गेला, “आई म्हणते, तुर्क आधीही होते, नंतरही आले. मधे तुम्ही आलात.”

सुधीरनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, विषय हलका करावा. म्हणून मी दाराची गोष्ट सांगितली. माझ्या बालपणीची सगळ्यांत लाडकी गोष्ट. फुलं कोरलेलं दार, आबांनी त्यावरून फिरवलेला हात, मग भाकरी. सांगता सांगताच मला ती वेगळी ऐकू यायला लागली. हैदर भाषांतर करताना एकदा थांबला. गोष्ट अर्ध्यावर सोडताही येईना.

उम्म हैदर हातातला नान खाली ठेवून बोलू लागल्या. ती त्यांच्या आईची हकीगत होती.

वेढा पडला तेव्हा त्यांची आई आठ वर्षांची होती. बाप नावाडी. फौज आली आणि त्याची नाव लागली तिला. नाव गेली तर पोट गेलं, म्हणून तोही नावेबरोबर गेला, फौजेचं सामान या काठाचं त्या काठाला करायला लागला. मग शिपायांनी घराघरांत शिरून जमिनी उकरल्या. चुलीच्या मागे पुरलेला जोंधळ्यांचा रांजण काढून नेला. मग थंडीत दार नेलं. त्यांचं दार साधंच होतं, त्यावर फुलं नव्हती. त्या जागी आईनं घोंगडी टांगली. वारा सुटला की घोंगडी आत यायची, आणि धाकटा भाऊ तिला कुणीतरी माणूस समजून रडायचा. नदीवर पाण्याला गेलेल्या बायांना पलीकडून गोळ्या लागत. वसंत आला तोवर तो धाकटा भाऊ गेला. शहर पडलं. फौजेला चालवत घेऊन गेले. आणि ज्यांनी ज्यांनी फौजेची कामं केली त्यांना तुर्कांनी शोधून काढलं. नावाड्याला बाजारात फाशी दिलं.

“आई म्हणते,” हैदर माझ्याकडे न बघता म्हणाला, “तुमच्या आजोबांना तिची आई कधी वाईट बोलली नाही. शिपाई पोरगे होते, असंच म्हणायची. पण राखलं असं नको म्हणूस, म्हणते.”

चहा आला. आम्ही तो प्यालो. निघताना उम्म हैदरनी माझ्या हातात खजुरांची पिशवी दिली.

घरी येताना सुधीर म्हणाला, “अगं, शंभर वर्षं झाली त्याला. तू कशाला मनाला लावून घेतेस?”

“मी कुठे काय म्हटलं?”

“तेच. काही म्हणत नाहीयेस.”

पुढच्या आठवड्यात मी लायब्ररीतून त्या मोहिमेवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. बाहेर बर्फ वितळत होता, नळ सोडल्यासारख्या पन्हळी वाहत होत्या, आणि मी पायांवर ब्लँकेट घेऊन फौजेचा इतिहास वाचत होते. बगदादच्या अलीकडे हरलेली, थकलेली ती फौज नदीच्या वळणावरच्या या गावात येऊन थांबली. तिच्या जनरलनं ठरवलं की आता इथून हलायचं नाही. गावातल्या लोकांना बाहेर काढावं असाही विचार झाला होता. पण बायकामुलं थंडीत वाळवंटात मरतील म्हणून राहू दिलं. फौजेला सोडवायला नदीवरून दुसरी फौज निघाली. ती पुन्हा पुन्हा आपटली. आत अडकलेल्यांहून जास्त माणसं त्यांना सोडवण्याच्या खटपटीत मेली किंवा जखमी झाली. नकाशे होते, बाण होते, कुठल्या पलटणीनं कुठला चर धरला हे होतं. आबांची पलटण सापडली तेव्हा मी त्या ओळीवर बोट ठेवून थांबले. आणि गावातल्या माणसांना काय झालं तेही होतं. दोन ओळींत. त्यात नावाडी मावला असता, पण नाव कुणाचंच नव्हतं.

आबांचा मला राग येईना. विशीतला तो मुलगा. त्याला कुठे विचारलं होतं कुणी? त्याला गावाहून पलटणीत, पलटणीतून बोटीत, बोटीतून त्या वळणावर आणून सोडलं, आणि समोर धर म्हणाले, त्यानं धरलं. उपाशी पोटी, पाण्यात उभं राहून धरलं. मग ज्या कशासाठी इतके हाल काढले त्याला काहीतरी नाव द्यायला नको? आबा शेतकरी. राखणं हा त्यांचा रोजचा शब्द होता. ते जोंधळा राखत, आंबा राखत, माळ्यावर उभं राहून गोफण फिरवत. शेताला आपण विचारत नाही की बाबा, तुला राखू का. शहराच्या बाबतीतही त्यांना तसंच वाटलं असेल का? त्यांच्या गोष्टीत नदी होती, चर होता, पीठ होतं, दारसुद्धा होतं. त्या दाराच्या आत राहणारं कुणी नव्हतं. मीही लहानपणी कधी विचारलं नाही, आबा, ते दार कुणाचं होतं?

त्याच दिवसांत टीव्हीवर आजच्या एका वेढलेल्या शहराच्या बातम्या चालू असायच्या. नकाशावर तेच बाण. कोणती फौज टिकेल, किती टिकेल, यावर टाय लावलेली माणसं बोलत. मी आवाज बंद करून नुसत्या खिडक्या बघत बसायची. दारांच्या जागी काय टांगलंय ते बघायची.

शेजारच्या खिडकीत उम्म हैदर दिसत. मी हात हलवायची, त्या हलवायच्या. पण मला वाटायचं की त्या जास्त वेळ माझ्याकडे बघतात. काहीतरी विचारायचं असल्यासारखं. आणि मी लगबगीनं कारमध्ये बसून निघून जायची.

मग एका रविवारी दुपारी बेल वाजली. दारात हैदर, आणि त्याचा हात धरून उम्म हैदर. आमच्या दोन घरांमधला ओल्या गवताचा हिरवा-पिवळा तुकडा त्या चालत आल्या होत्या. बुटांना चिखल लागला होता. हैदर संकोचून गेला होता.

“मिस नंदा, माफ करा. आईला एक विचारायचंय. मी म्हटलं राहू दे. ती ऐकत नाही.”

मी त्यांना आत घेतलं. उम्म हैदर सोफ्याच्या अगदी कडेला बसल्या. चहा नको म्हणाल्या. मग हैदरशी बराच वेळ हळू आवाजात बोलल्या आणि हैदर सांगू लागला.

वेढ्यात त्यांची आई रोज शिपायांच्या स्वयंपाकाच्या जागेपाशी जायची. गावातली पुष्कळ मुलं जायची. एक शिपाई कधी करपलेला तुकडा द्यायचा, कधी मूठभर भाजलेलं धान्य. ती ते घरी नेऊन धाकट्याला भरवायची. एके दिवशी तो शिपाई तिच्याकडे बघून हात हलवून काहीतरी म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. तिला वाटलं, शिवी दिली. त्याहून वाईट, शाप दिला. कारण त्यानंतर थोड्याच दिवसांत भाऊ गेला, आणि मग बाप. तो शब्द तिनं जन्मभर जपला. कुणाचं वाईट झालं, कुणाचं मूल गेलं की ती तो पुटपुटायची, आणि दाराला हात लावून थुंकायची. इराकमध्ये त्यांनी हिंदी येणाऱ्यांना विचारलं. इथल्या ग्रोसरीतल्या पाकिस्तानी मुलाला विचारलं. कुणालाच कळेना.

“आमच्याकडे जेवताना तुम्ही म्हणालात की तुमचे आजोबा हिंदी बोलायचे नाहीत, वेगळी भाषा बोलायचे. तेव्हापासून तिनं डोक्यात घेतलंय. पण शिवी असेल तर बाईमाणसाला कशी विचारायची, म्हणून इतके दिवस थांबली.”

“विचार ना,” मी म्हटलं.

उम्म हैदर सरळ झाल्या. माझ्या डोळ्यांत बघत, एकेक अक्षर सांभाळत म्हणाल्या, “उद्याये.”

मला काही कळलं नाही. त्या पुन्हा म्हणाल्या. या वेळी त्यांनी हातही केला, आईनं दाखवला असेल तसा, पंजा बाहेरून आत. तो हात पाहिला आणि माझ्या कानात ते शब्द वेगळे झाले.

“उद्या ये!” मी जवळजवळ ओरडलेच. “हैदर, ही शिवी नाही. हे मराठी आहे. उद्या, म्हणजे टुमॉरो. ये, म्हणजे कम. उद्या ये. तो तिला म्हणाला, उद्या ये.”

इतका आनंद झाला होता मला. हैदरनं ते सांगितलं आणि मी हसऱ्या चेहऱ्यानं उम्म हैदरकडे बघत राहिले. त्या हसल्या नाहीत. त्यांचे ओठ हलले, मग थांबले. हैदर खाली बघत होता. सुधीर आतून आला होता, तो दारातच उभा राहिला.

मग उम्म हैदर काहीतरी बोलल्या, अगदी थोडं.

“ती पुन्हा गेलीच नाही,” हैदर म्हणाला. “शाप दिला म्हणून घाबरली. दुसऱ्या दिवशी गेली नाही. नंतर कधीच नाही.”

तेव्हा मला कळलं मी त्यांच्या हातात काय दिलं होतं ते. माझा हसरा चेहरा कुठे ठेवावा कळेना. वाटलं, म्हणायला हवं होतं की मला नाही कळत. कुठलीतरी जुनी बोली असेल. शंभर वर्षं एक मुलगी शिव्या खाऊन परतत होती. आता ती भाकरीचं बोलावणं मागे टाकून परतली होती, आणि घरी भाऊ वाट बघत होता.

उम्म हैदरनी शालीच्या टोकानं तोंड पुसलं. मग हैदरला काहीतरी सांगितलं, घाईनं, हाताला धरून हलवत. हैदरनं फोन काढला.

“मावशीला लाव म्हणते. कूतला. तिची मोठी बहीण, नव्वदीची आहे. तिकडे आता रात्रीचे नऊ वाजलेत.”

फोन लागला. पलीकडे एक पुरुषाचा आवाज, मग भांड्यांचा, मुलांचा कालवा, मग एक खरखरीत, फार म्हातारा आवाज. मावशींना कमी ऐकू यायचं. उम्म हैदर फोन तोंडाशी धरून ओरडत होत्या, आणि त्या अरबी शब्दांच्या गर्दीत मधून मधून, माझ्या मिल्टनच्या दिवाणखान्यात, माझे दोन शब्द येत होते. उद्या ये. उद्या ये. कुणीतरी साताऱ्याच्या बाजूचा, कोण होता देव जाणे, आबांच्या पलटणीचा किंवा दुसऱ्या एखाद्या, पोरीकडे बघून बोलला असेल. आज काही उरलं नाही म्हणून टाळायला म्हणाला असेल. किंवा खरंच म्हणाला असेल. गावी त्याला तेवढीच बहीण असेल. मला ते कधीच कळणार नाही.

मग मावशी काहीतरी म्हणाल्या.

हैदर मला सांगत होता, “मावशी विचारते, मग त्यांची आई दुसऱ्या दिवशी गेली असती तर?”

उम्म हैदरनी माझ्याकडे पाहिलं. आणि माझ्याकडे बघतच, हळू, पण मावशींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलल्या.

“आई म्हणते,” हैदर म्हणाला, “दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे तरी काय असणार होतं. म्हणते, ते घोडे खात होते तेव्हा. पण शाप नव्हता ना. आपल्या घरावर शाप नव्हता.”

पलीकडून एक लांब आवाज आला. आधी मला वाटलं मावशी रडतायत. मग उम्म हैदरही तसाच आवाज काढायला लागल्या, आणि मला दिसलं की त्या रडतायत आणि हसतायत, दोन्ही. दोन म्हाताऱ्या बहिणी, अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावर, एकमेकींना तेच तेच दोन शब्द म्हणून दाखवत होत्या. उच्चार चुकत होते. मी मधे पडून “ये,” असं म्हणून दाखवलं आणि दोघी तसं म्हणाल्या.

मग मावशींनी विचारलं, ही सांगणारी कोण. हैदरनं सांगितलं. शिपायाची नात, हे तो म्हणाला असावा, कारण पलीकडे कुजबुज सुरू झाली. त्या घरातून त्या माणसांनी मला काय म्हणावं, काहीही म्हणायचा त्यांना हक्क होता.

मावशी बोलल्या. हैदर गालातल्या गालात हसला आणि फोन माझ्यापुढे धरला.

“काय म्हणतात?”

“विचारतेय, तिला विचार, जेवलीस का?”

दुपारचे दोन वाजून गेले होते. मी सकाळपासून चहावर होते. “अजून नाही म्हणावं,” मी म्हटलं.

हैदरनं ते फोनमध्ये सांगेपर्यंत उम्म हैदर उठून उभ्याही राहिल्या होत्या. त्यांनी शाल सावरली, सुधीरला हातानं चल म्हणून खूण केली आणि माझं मनगट धरून मला त्या ओल्या गवतावरून आपल्या घराकडे घेऊन निघाल्या.